आर्निसचा सराव: काठी निवडण्यापासून जोडीदारासमोर उभं राहण्यापर्यंत

आमच्या गच्चीवर आर्निस, म्हणजे फिलिपीन्समधली काठीने लढण्याची विद्या, शिकायला नवीन मुलं येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात दोन काठ्या असतात आणि डोक्यात एखादा व्हिडिओ. समोरासमोर उभे राहून ती भराभर काठीवर काठी आपटून दाखवतात. आवाज मोठा येतो. मग मी त्यांना थांबवते आणि एकालाच सांगते, ‘आता समोरच्याने अडवलं नाही असं समज आणि तोच फटका त्याच्या कानशिलापर्यंत हळू ने.’ काठीचं टोक कानशिलापासून वीतभर लांबून निघून जातं. म्हणजे इतके दिवस दोघेही एकमेकांच्या काठीलाच मारत होते, माणसाला नाही.

ही चूक मीही केली आहे. दुबईत नोकरीला होते तेव्हा ऑफिसातल्या एका फिलिपिनो सहकाऱ्याकडे मी शिकायला लागले. आम्ही सगळे त्यांना ‘कुया’ म्हणायचो, म्हणजे दादा. पहिले तीन आठवडे कुयांनी मला दुसरी काठी हातात घेऊच दिली नाही. तेव्हा मला ते फार लागलं होतं. आता मी स्वतः शिकवते आणि तोच क्रम पाळते, कारण तो मोडला की काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

आर्निस, एस्क्रिमा, काली ही एकाच कुळातल्या विद्येची नावं. दोसे पारेस, बालिंतावाक, मॉडर्न आर्निस अशा घराण्यांत फटक्यांचे क्रमांक आणि पवित्रे वेगवेगळे आहेत. तुम्हाला शिकवणारं कुणी असेल तर त्यांचेच क्रमांक धरा. टप्प्यांचा क्रम मात्र खाली दिलाय तसाच ठेवा.

आधी जागा बघा

हात पूर्ण लांब केला आणि त्यात काठी धरली की खांद्यापासून टोकापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास होतं. त्यामुळे थोडी मोकळीक धरून एकट्याला तीन मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं, जोडीला त्याहून जास्त. घरात सराव करणार असाल तर आधी वर बघा. फ्लॅटचं छत साधारण नऊ-दहा फुटांवर असतं आणि पंख्याची पाती त्याच्याही खाली. हात वर करून मारलेला फटका थेट पंख्यात जातो. हॉलमध्ये फक्त पकड आणि पायांचा सराव करा, फटके गच्चीवर किंवा मैदानात.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. चपला घालून सराव नको, एकतर अनवाणी किंवा घट्ट बसणारे बूट. पाच मिनिटं मनगटं, कोपरं आणि खांदे गोल फिरवून मोकळे करा. मनगट थंड असताना मारलेले पहिले वीस फटके नंतर दोन दिवस दुखतात.

टप्पा १: काठी निवडणं

काठी वेताचीच हवी. मी बांबूची, स्टंपची, प्लॅस्टिकच्या पाइपाची अशी सगळी सोंगं पाहिली आहेत, म्हणून एकेकाचं कारण सांगते.

बांबू आतून पोकळ असतो आणि उभा फाटतो. दोन बांबू एकमेकांवर आपटले की धारदार सळ्या सुटतात. आमच्याकडे एका मुलाच्या पापणीत अशी कूस घुसली होती. डोळा वाचला, पण त्या दिवसापासून गच्चीवर बांबू बंद. क्रिकेटचा स्टंप लांबीला जवळपास बसतो, पण तो कठीण लाकडाचा आणि जाड असतो. त्याचा दणका मनगटात परत येतो, आणि तडकला तर टोकदार तुकडा उडतो. पाइप वजनाला हलका, फटक्यासरशी वाकतो आणि थंडीत फुटतो. दांडिया फारच आखूड.

वेत आतून भरीव आणि तंतुमय असतो. तो तुटत नाही, झिजतो. आपटून आपटून त्याचे केस निघतात, टोक झाडूसारखं होतं, आणि कामातून गेल्याचं तो आधीच दाखवतो. त्याची हीच गोष्ट आपल्याला हवी आहे.

मापं अशी:

लांबी साधारण २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. पण हे सरसकट सगळ्यांना लागू नाही. हात बाजूला सरळ करा, काठीचं एक टोक काखेत टेकवा. दुसरं टोक तळव्यापर्यंत किंवा बोटांपर्यंत पोचलं पाहिजे. माझ्यासारख्या बुटक्या माणसाला २६ इंचांची काठी पुरते. लहान मुलांना २८ इंची देऊ नका. ती त्यांना पेलत नाही, मग ती कंबर मागे टाकून फिरवायला लागतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

जाडी २२ ते २८ मिलिमीटर. मूठ मिटल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं तळव्यात रुतत असतील तर काठी बारीक, टेकतच नसतील तर जाड.

वजन या मापाच्या वेताचं साधारण दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम भरतं. त्याहून फार हलका वेत सुकून गेलेला असतो आणि लवकर भुगा होतो. जोडी घेताना दोन्ही काठ्या तळहातांवर तोलून सारख्या वजनाच्या निवडा. नाहीतर सिनावालीत, म्हणजे दोन काठ्यांच्या सरावात, एक हात पुढे धावतो, दुसरा मागे राहतो.

वेताच्या फर्निचरच्या दुकानात किंवा कारागिरांकडे कच्चा वेत मिळतो. तिथून घ्यायचा असेल तर काठी सपाट फरशीवर लोळवून बघा. डुगडुगली तर वाकडी आहे. गाठी मोजा. दोन गाठींमधलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं. कापलेल्या टोकावर नख दाबा, ते आत गेलं तर तो वेत नको. साल ठेवलेली काठी जास्त टिकते, पण सालीचा पापुद्रा सुटला की हाताला बोचतो. साल काढलेली गुळगुळीत लागते आणि लवकर झिजते. पहिली जोडी सालीसकट घ्या.

सावधान: कामागोंग आणि बाही या जड, काळसर काठ्या दिसायला देखण्या असतात. त्या एकट्याच्या सरावासाठी आहेत. जोडीदारासमोर त्या आणू नका, हाड मोडायला एक फटका पुरतो. शिवाय कामागोंगच्या झाडाला फिलिपीन्समध्ये संरक्षण आहे. कुणी स्वस्तात विकत असेल तर ती काठी बहुधा खरी नाही, किंवा योग्य मार्गाने आलेली नाही.

टप्पा २: काठी तयार करणं

नवी काठी आणली की लगेच फिरवायला लागू नका. दोन्ही टोकांच्या कडा पॉलिश पेपरने गोल करा, बोट फिरवल्यावर कुठेही अडकता कामा नये. मग जवसाच्या तेलाचा कपडा एकदा फिरवा आणि काठी रात्रभर ठेवून द्या. तेल नावापुरतंच, काठी चिकट लागली तर जास्त झालं. मुठीच्या जागी टेप गुंडाळायचा मोह आवरा. घामाने टेप सरकतो आणि काठी हातातून निसटते. टेप लावायचाच तर मारायच्या टोकाला, आणि तोही साल सुटायला लागल्यावर.

टप्पा ३: पकड आणि पवित्रा

सुतार हातोडी धरतो तशी काठी धरा. मुठीखाली दोन ते तीन बोटं काठी बाहेर राहू द्या. त्या भागाला पुन्यो म्हणतात आणि जवळच्या लढतीत तो कामाला येतो. अंगठा तर्जनीवर मिटलेला हवा. बॅडमिंटनच्या रॅकेटसारखा अंगठा काठीवर उभा ठेवायची सवय फार जणांना असते. तसा ठेवला तर पहिल्याच जोरदार टकरीत अंगठा मुरगळतो.

करंगळी आणि अनामिका घट्ट, बाकीची बोटं सैल. फटका लागायच्या क्षणी पूर्ण मूठ आवळायची, लगेच पुन्हा सैल सोडायची. सतत आवळून ठेवलेल्या मुठीने पाच मिनिटांत कोपराखालचा हात दगडासारखा होतो.

आता मोकळा हात. तो मागे नेऊ नका, खाली लोंबू देऊ नका. छातीसमोर, गळ्याच्या थोडा खाली, तळवा आत. समोरच्याचं मनगट थोपवायला हाच हात लागतो. नवख्यांचा हात पहिल्या दहा फटक्यांत खाली येतो, म्हणून मी त्यांना त्या हाताने शर्टाचं वरचं बटण धरायला सांगते. आठवडाभरात हात आपोआप जागेवर राहायला लागतो.

पाय खांद्याइतके लांब, गुडघे थोडे सैल. गच्चीवर खडूने साधारण दोन-दोन फुटांच्या बाजूंचा त्रिकोण काढा. एका टोकावर दोन्ही पाय जवळ घेऊन उभे राहा. तिथून उजवा पाय पुढच्या उजव्या कोपऱ्यावर, परत, मग डावा पाय डाव्या कोपऱ्यावर. समोरून येणाऱ्या फटक्याच्या रेषेतून बाजूला होत पुढे सरकण्याची ही रीत. रोज शंभर पावलं टाका, काठी न घेता.

तपासा: कुणाला तरी तुमची काठी टोकाकडून अचानक ओढायला सांगा. ती सुटली तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ४: हवेत पाच फटके

एकच काठी, उजवा हात. क्रमांक समोरच्या माणसाच्या अंगावरून मोजायचे.

पहिला त्याच्या डाव्या कानशिलावर, तुमच्या उजव्या खांद्यावरून तिरका खाली. दुसरा उजव्या कानशिलावर, उलट्या हाताने. तिसरा डाव्या कोपरावर, आडवा. चौथा उजव्या कोपरावर, उलट्या हाताने आडवा. पाचवा पोटात सरळ भोसका.

पहिले चार दिवस भिंतीवर माणसाची आकृती काढून तिच्यासमोर काठी हळू, अगदी दहा मोजेपर्यंत एक फटका, इतक्या सावकाश न्या. टोक कुठून निघतं आणि कुठे पोचतं हे डोळ्यांनी बघायचं असतं. आधी पाऊल, मग कंबर, मग खांदा, शेवटी मनगट. ज्यांनी आपल्याकडे मर्दानी खेळातली लाठी फिरवली आहे त्यांना इथे एक अडचण येते. लाठी सतत गोल फिरत राहते आणि ही काठी लक्ष्यावर पोचायची असते. त्यांचा खांदा छान मोकळा असतो, पण फटका कुठेच लागत नाही. अशांनी प्रत्येक फटका लक्ष्यावर दोन सेकंद थांबवावा.

मग दोन प्रकार वेगळे करा. फटका लक्ष्यातून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूला संपतो तो लोबटिक. लागल्याबरोबर त्याच वाटेने परत येतो तो वितिक. दोन्ही एकत्र शिकायला गेलात तर अर्धवट काहीतरी होतं. आधी पंधरा दिवस फक्त लोबटिक.

डाव्या हाताचाही सराव तितकाच करा. उद्या दोन काठ्या घेतल्यावर दुबळा हातच घोटाळा करतो.

टप्पा ५: टायर

स्कूटरचा जुना टायर छातीच्या उंचीवर दोरीने टांगा, आणि खालून दुसऱ्या दोरीने ताणून बांधा म्हणजे तो झोके घेणार नाही. हवेत मारताना सगळं छान वाटतं. टायरवर मारलं की पकड कुठे सैल आहे ते कळतं.

प्रत्येक क्रमांकाचे दहा फटके, दोन्ही हातांनी, दोन फेऱ्या. काठीचा शेवटचा चार बोटांचा भाग लागला पाहिजे. मध्यभाग लागत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. टायरवर आधी खडू फासा, मग काठीवर पांढरा डाग कुठे उमटतो ते बघा. डोळ्यांना वाटतं त्यापेक्षा डाग जवळजवळ नेहमीच आत असतो.

सावधान: कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखायला लागलं तर तिथेच थांबा आणि आठवडाभर टायर बंद ठेवा. याचा अर्थ ताकद कंबरेतून न येता हातातून येतेय, किंवा मूठ सतत आवळलेली आहे. पट्टा बांधून मारत राहिलात तर दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं.

टप्पा ६: सिनावाली

इथपर्यंत यायला रोज अर्धा तास देणाऱ्याला महिना-सव्वा महिना लागतो. फिलिपीन्समध्ये सावाली म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली तट्टी, आपल्याकडे कुडाला लावत तशी. दोन काठ्या त्याच प्रकारे एकमेकींतून विणल्या जातात, म्हणून हे नाव.

इथून पुढे दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. कारखान्यात वापरतात तो, बाजूंनीही झाकलेला. नंबरचा चष्मा यात धरू नका.

अ) आधी एकेक काठी. वर सुलटा, खाली उलटा, पुन्हा वर, पुन्हा खाली. दोघांच्या काठ्या मध्ये भेटतात. उजव्या हाताने वीस वेळा, मग डाव्याने.

आ) दोन काठ्या, सहा मोजांची विण. उजवी काठी उजव्या खांद्यावर, डावी काठी उजव्या काखेखाली. एक: उजव्याने सुलटा. दोन: काखेखालची डावी उलटी बाहेर, ती जाऊन डाव्या खांद्यावर बसते. तीन: उजव्याने उलटा, आणि ती काठी परत येऊन डाव्या काखेखाली जाते. आता तुम्ही आरशातल्यासारखे उलट्या बाजूला सुरुवातीच्याच स्थितीत आहात. चार, पाच, सहा तसेच डावीकडून.

हे सगळं चुकतं ते तिसऱ्या मोजेला. काठी काखेखाली न नेता लोक खांद्यावर नेतात आणि चौथ्याला दोन्ही काठ्या एकमेकींत अडकतात. तुमची विण तुटत असेल तर वेग कमी करून फक्त दोन-तीन-थांब, दोन-तीन-थांब असं पन्नास वेळा करा.

मोठ्याने मोजा. आम्ही कुयांच्या सवयीने तागालोगमध्ये मोजतो, इसा, दालावा, तत्लो, आपत, लिमा, आनिम. भाषा कुठलीही चालेल, पण दोघांची मोज एक हवी. मोज बंद पडली की दोघांपैकी एक जण वेग वाढवतो, दुसरा त्याच्या मागे धावतो, आणि मग काठीऐवजी बोटं सापडतात. माझ्या उजव्या मधल्या बोटाचं पेर असंच गेलं. ते आजही पूर्ण मिटत नाही. त्या दिवशी आम्ही दोघीही मोजत नव्हतो, आणि हातमोजे पिशवीत होते.

तपासा: चालू विणीत कुणीतरी ‘थांब’ म्हणायचं. दोघांनी जिथे असाल तिथे थांबायचं आणि पुढचा फटका हळू पूर्ण करायचा. टोक कानशिलापर्यंत पोचलं पाहिजे. नसेल पोचत तर अर्धं पाऊल पुढे या.

टप्पा ७: संरक्षक साहित्य

खरेदीचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. आधी छातीचं जाड कवच, कारण ते लढाऊ दिसतं. सर्वात जास्त मार हातांना लागतो आणि सर्वात महाग दुखापत डोळ्याला होते. म्हणून आधी डोकं, मग हात, मग कोपर, मग बाकीचं.

डोकं: क्रिकेटचं हेल्मेट वापरू नका. त्याच्या जाळीतली फट चेंडू अडवायला ठेवलेली असते. चेंडू सात सेंटिमीटरच्या आसपास, काठीचं टोक अडीच सेंटिमीटर. भोसका थेट डोळ्यात जाऊ शकतो. एक मोकळी काठी तुमच्या हेल्मेटच्या फटीतून घालून बघा, मग शंका राहणार नाही. तलवारबाजीच्या मुखवट्याची बारीक जाळी भोसका अडवते, पण डोक्याचा वरचा आणि मागचा भाग त्यात फटक्यासाठी उघडाच असतो. तिथे जाड फोमची टोपी शिवून घ्यावी लागते, तीही फक्त फोमच्या काठ्यांपुरती. वेताच्या काठीने लढायचं असेल तर आर्निससाठीच बनवलेलं, कान आणि मानेची मागची बाजू झाकणारं जाळीचं हेल्मेट घ्या. यात पैसे वाचवू नका.

हात: क्रिकेटमधले फलंदाजीचे हातमोजे सिनावालीला आणि हलक्या सरावाला चालतात. बोटांवर जाड पट्ट्या असतात, पण मनगटाचं हाड आणि अंगठ्याची एक बाजू बऱ्याचदा उघडी राहते. विकत घेताना मोजा घालून काठी धरा आणि मूठ पूर्ण मिटते का ते पाहा. मूठ मिटत नसेल तर कितीही जाड असो, काठी उडेल.

कोपर आणि गुडघे: स्केटिंगचे पॅड सुरुवातीला पुरतात. पुरुषांनी क्रिकेटचं अ‍ॅब्डोमिनल गार्ड, बायकांनी छातीचं गार्ड घालावं.

फोमची काठी: घरी बनवणारे पाइपावर फोम चढवतात आणि टोकाला पातळ टेप मारून सोडून देतात. टोकावर निदान दोन बोटं फोम पुढे हवा. महिनाभराने तो दाबून बघा, आतला पाइप बोटाला लागला तर बदला. आणि फोम असला तरी डोळे झाकलेलेच हवेत.

टप्पा ८: हलकी लढत

पहिल्या दहा वेळा फक्त एकच लक्ष्य, समोरच्याचा काठी धरलेला हात. भोसका बंद, डोकं बंद, दोन मिनिटांची फेरी. सापाचे दात काढले की तो डसत नाही, अशा अर्थाने तिकडे शत्रूच्या हातावरच्या फटक्याकडे बघतात. या एकाच नियमाने अंतराचा अंदाज फार लवकर येतो, कारण हात हा अंगाचा सर्वात पुढे असलेला भाग आहे.

मग तिन्ही अंतरं वेगवेगळी खेळा. लार्गो, जिथून फक्त हाताला लागतं. मेदियो, जिथून डोक्यालाही लागतं आणि मोकळा हात समोरच्याच्या मनगटापर्यंत पोचतो. कोर्तो, जिथे पुन्यो आणि कोपर कामाला येतात. कोर्तो घाईने खेळायला घेऊ नका. तिथे गळ्याला आणि दाताला लागतं, म्हणून तो शिकवणाऱ्याच्या देखतच.

एस्पादा इ दागा, म्हणजे एका हातात लांब आणि दुसऱ्यात आखूड शस्त्र, याची ओढ सगळ्यांना असते. निदान सहा महिने त्याला हात लावू नका. सरावाची दागाही लाकडाची आणि बोथट टोकाची हवी. विमानाने जाताना काठ्या केबिनच्या सामानात नेता येत नाहीत, त्या चेक-इनच्या बॅगेतच भरा.

काठीची काळजी आणि ती कधी टाकायची

सरावानंतर काठी कोरड्या कपड्याने पुसून आडवी ठेवा. भिंतीला टेकवून महिनाभर उभी राहिली तर ती वाकते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वेताला बुरशी धरते. आठवड्याला एकदा पुसून सावलीत वारा द्या, कडक उन्हात नको. उलट मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात काठी इतकी सुकते की वजनाला हलकी लागते. तेव्हा ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तेलाचा हात द्या.

प्रत्येक सरावाआधी काठीचं टोक फरशीवर हलकेच आपटा आणि आवाज ऐका. चांगला वेत खणखणतो. आवाज फुसका आला, किंवा मुठीजवळ आडवी चीर दिसली, तर ती जोडीदारासमोर पुन्हा आणू नका. टोकाचे केस निघाले असतील तर तेवढा भाग करवतीने कापा, कडा गोल करा, आणि उरलेली आखूड काठी पुन्योच्या सरावाला ठेवा.